डबक्यावर धरलेली छत्री

खोली बघायला गेले तेव्हा घरमालक घरी नव्हते. त्यांच्या सुनेने किल्ली दिली, वरची खोली उघडून दाखवली, नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगितलं. शेठजी कधी भेटतील म्हणून विचारलं, तर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता ती अगदी सहज म्हणाली, “बाबूजी डोंगरमा शेत. डबकावर छत्री धरीसन उभा व्हतीन. आज ऊन पडनं ना.”

मी मान हलवली. तळोद्याच्या ज्युनियर कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायला मी साताऱ्याकडून नुकतीच आले होते, आणि नव्या गावात पहिल्या आठवड्यात कुणालाही ‘म्हणजे काय?’ असं विचारायचं नाही, हे माझं धोरण होतं. निम्म्या गोष्टी आपोआप कळतात आणि उरलेल्या कळून काही फायदा नसतो.

ही गोष्ट मला तीन आठवड्यांनी कळली. मी झाडपाल्याची मास्तरीण आहे हे शेठजींना कुणीतरी सांगितलं, आणि एका रविवारी सकाळी सात वाजता ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. पांढरा पायजमा, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खांद्याला कापडी पिशवी आणि हातात एक काळी छत्री, जिची एक काडी सुतळीने बांधलेली होती. म्हणाले, “चाला मॅडम. डोंगरमा एक जागा दखाडस तुम्हले.”

जीपने डोंगराच्या पायथ्याशी उतरलो. तिथे दित्या नावाचा एक पावरा आदिवासी म्हातारा आमची वाट बघत बसला होता. दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही की सांगितलं नाही. दित्या पुढे, शेठजी मध्ये, मी मागे. शेठजींनी चपला काढून पिशवीत ठेवल्या, कारण रानात त्यांना अनवाणीच चालायचं असायचं. चालायचं तेही दगडावरून किंवा गुरांनी तुडवलेल्या वाटेवरून, गवतात पाय नाही. आदल्या दिवशीच्या सरीने सगळा डोंगर भिजलेला होता आणि सागाच्या मोठ्या पानांवरून अजून थेंब पडत होते, कुठे एक, मग बऱ्याच वेळाने कुठे दुसरा. वर कांडोळाची झाडं लागली. या झाडांचं खोड इतकं पांढरं असतं की धुक्यात ती झाडं न वाटता कुणीतरी माणसं उभी आहेत असं वाटतं. मी शहाणीसुरती बाई, पण दोनदा थबकले.

त्या झाडांखाली खडकात एक परातीएवढा खोलगा होता. त्यात वीतभर पाणी, आणि पाण्यात बुळबुळीत, काचेसारखा एक गोळा, आत काळे ठिपके. मी लगेच म्हटलं, “बेडकाची अंडी.” लॅटिन नावही सांगून टाकलं. पहिल्या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाल्याचा आनंद मला झाला असावा.

शेठजींनी छत्री उघडली. ढगांतून ऊन बाहेर आलं होतं आणि ते नेमकं त्या खोलग्यावर पडत होतं. त्यांनी छत्री त्या पाण्यावर धरली, स्वतः उन्हात राहिले, आणि म्हणाले, “नाव मांगे ऱ्हाऊ द्या, मॅडम. पहिले जीव देखा.”

हे त्यांचं वाक्य पुढच्या चार वर्षांत मी शेकडो वेळा ऐकलं. भाजीवाल्यासमोर, मुलाच्या हार्डवेअरच्या दुकानात, एकदा तर बँकेच्या साहेबांसमोरही. नाव नंतर, आधी जीव.

त्या दिवशी आम्ही तिथे दीड तास होतो. दित्या दगडावर बसून बिडी ओढत होता आणि मी घड्याळ बघत होते. साधारण तासाभराने मी घड्याळ बघायचं सोडलं. का सोडलं ते सांगता येणार नाही. पाण्यावर छत्रीची सावली होती, सावलीत ते ठिपके होते, आणि वाऱ्याने सावली हलली की शेठजी पाऊल न उचलता नुसता हात हलवून ती परत जागेवर आणत. एवढंच चाललं होतं. परत येताना जीपमध्ये मला गाढ झोप लागली.

शेठजींचं घराणं डिंकाच्या व्यापारातलं. आजोबा राजस्थानातून आले, त्यांनी इथे डोंगरातला डिंक घ्यायला सुरुवात केली. धावड्याचा, सालईचा, कांडोळाचा. मुलाने तो धंदा बंद केला, पण घरामागचं गोदाम तसंच होतं आणि त्याच्या भिंतींना अजून डिंकाचा गोडसर वास यायचा. सत्तरीला टेकलेला हा माणूस पावसाळाभर डोंगरात जाऊन जमिनीवरच्या लिबलिबीत वस्तू ओळखत असे. दुसरं काही नाही. फुलं नाहीत, पक्षी नाहीत. मी एकदा कौतुकाने एक ऑर्किड दाखवलं, तर “हां, बेस शे,” म्हणून पुढे गेले. पण पालापाचोळ्यात चमचाभर काही चकाकलं की संपलं. तिथे तळ ठोकून बसायचे. बसण्याआधी मात्र बसायची जागा वाकून नीट बघायची, फुंकर मारायची, पुन्हा बघायची. घरी ओट्यावर बसतानाही तेच. सून म्हणायची, “बाबूजी बठतस तवलोंग चहा थंडा व्हई जास.”

जैन माणसाने चातुर्मासात रानात हिंडावं, हे त्यांच्या समाजाला पसंत नव्हतं. पावसाळ्यात जमिनीवर जे शेवाळ, बुरशी, हिरवट-काळं काहीबाही उगवतं त्याला हे लोक नीलण-फुलण म्हणतात. त्यात अगणित जीव, त्यावर पाय पडू नये, म्हणून माणसं चार महिने घरी बसतात. आणि हा गृहस्थ नेमका तेच शोधायला डोंगरात. कुणी टोकलं तर म्हणायचे, “तुम्ही न देखता टाळतस. मी देखीसन टाळस.” 

त्यांची हत्यारं म्हणजे घड्याळजीचं भिंग, चहाची गाळणी, एक एनॅमलची वाटी, एक खडू. पण ही सगळी पिशवीतच असत. खरं हत्यार म्हणजे थांबणं. “पहिला अर्धा घंटा हात लावानं नही,” हा नियम. मी कॉलेजच्या सवयीने चिमटा बाहेर काढला की ते माझ्याकडे अशा नजरेने बघत की चिमटा परत पिशवीत जाई.

थांबलं की वस्तू आपण होऊन सांगते, असं ते म्हणत, आणि सांगायची खरी. ऊन आलं की डिंकाचा गोळा आकसतो आणि खड्यासारखा कडक होतो. उघड्या मुरमावर पसरलेलं एक काळपट हिरवं लिबलिबीत असतं, ते उन्हात जळक्या कागदाच्या चुऱ्यासारखं होऊन जातं. माझ्या पुस्तकात त्याचं नाव होतं, एक प्रकारचं शेवाळ. शेठजींकडे नाव नव्हतं, पण तो चुरा ते हातावर घेत, फुंकत नसत, आणि म्हणत, “हाई झोपेल शे. मरेल नही.” हेही खरं होतं. ते वर्षानुवर्षं कोरडं पडून राहतं आणि थेंबभर पाण्याने उठतं. कुजक्या सागाच्या ओंडक्यावर एकदा हळदीच्या रंगाचं काहीतरी पसरलेलं सापडलं. शेठजींनी त्याच्या कडेने खडूची रेघ ओढली आणि आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी ते रेघ ओलांडून चार बोटं पलीकडे गेलं होतं. बुरशीसारखा हा जीव सरकतो हे मी पुस्तकात वाचलं होतं, मुलांना शिकवलं होतं, परीक्षेत विचारलंही होतं. पण त्या ओंडक्यापाशी उकिडवी बसून ती रेघ बघताना, इतकी वर्षं आपण मुलांना नक्की काय शिकवलं, असं वाटून गेलं.

मी त्यांना मोबाइलमधलं ते फोटो काढून नाव सांगणारं अ‍ॅप दाखवलं. त्यांनी भक्तिभावाने बघितलं. मोबाइलने एका गोळ्याचा फोटो पाहून एक नाव सांगितलं, जरा बाजूने काढला तर दुसरं. शेठजींनी विचारलं, “मोबाइल जिवत शे का ते सांगस?” म्हटलं, नाही. “मंग ऱ्हाऊ द्या.”

एकच वस्तू त्यांना तीन वर्षं ओळखता आली नव्हती. गवतावर पडलेला, पाण्यासारखा स्वच्छ गोळा, मूठभर. डिंक नाही, कारण साल नाही की वास नाही. अंडी नाहीत, कारण आत ठिपका नाही. मी कॉलेजातल्या मायक्रोस्कोपखाली पाहिला, त्यातही काही नाही. शेवटी दित्याने एका संध्याकाळी बोट दाखवलं. नाल्याकाठी एक ढोकरी बगळी बेडकी खात होती. खाऊन झाल्यावर पोटातला जो भाग तिला नको होता तो तिने तसाच टाकला. मग भुरभुर पाऊस आला, आणि तो चिमटीएवढा भाग आमच्या डोळ्यांदेखत फुगत फुगत मूठभर झाला. अंड्यांवर चढायचं पांघरूण होतं ते. अंडी व्हायच्या आधीच आई गेली होती, आणि पांघरूण पाणी पिऊन फुलत होतं. शेठजींनी वाकून तो गोळा भिंगातून पाहिला. मग म्हणाले, “म्हंजे जीव नही आठे.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “पन व्हता.”

परत येताना अंधारून आलं होतं, धुकं उतरलं होतं, आणि पांढऱ्या खोडांच्या मधून आम्ही तिघं एका रांगेत चाललो होतो. त्या वाटेवर त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. माझ्याकडे बघून नाही, पुढे दित्याच्या पाठीकडे बघून.

शेठजी तेव्हा विशीत होते. वडिलांनी नुकताच डोंगरातला डिंक त्यांच्यावर सोपवला होता. ज्येष्ठात वळवाचा मोठा पाऊस झाला, आणि दुसऱ्या दिवशी हे तरणे शेठ दित्याला घेऊन वर गेले. कांडोळाखालच्या त्या खोलग्यात त्यांना लिबलिबीत गोळे दिसले. कांडोळाचा डिंक पाण्यात विरघळत नाही, फुगतो. काळे ठिपके होते, पण डिंकात सालीचे काळे कण असतातच. त्यांनी म्हटलं, झाडावरचा डिंक पावसाने खाली पडून फुगलाय, वाळवला की झालं. डबाभर भरून घेतला. दित्याने पाहिलं आणि तो गप्प राहिला.

“मी काय बोलू?” पुढून दित्या पाठमोराच म्हणाला. “डिंकना शेठ. त्यानी डिंक म्हना, मंग डिंक.”

घरी येऊन शेठजींनी ते सगळं गच्चीवर पत्र्यावर पसरलं, जसा डिंक पसरतात तसं. दुपारी त्यांची धाकटी बहीण, सतरा वर्षांची, पापड वाळत घालायला वर गेली. तिला ते काळे कण वळवळताना दिसले. तिने ओरडाआरडा केला नाही. खाली आली, तांब्याभर पाणी घेऊन परत वर गेली, आणि चमच्याने एकेक उचलून जे हलत होतं ते तांब्यात टाकलं. मग तांब्या भावाच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाली, जिथून आणलं तिथे सोडून ये.

“गयथू मी. सायकलवर, एक हातमा तांब्या,” शेठजी म्हणाले. “खोलगामा वतं. मोजात. सात व्हतात. बाकीना...” त्यांनी पुढचा दगड बघून पाय ठेवला. “मंग रोज गयथू. ऊन कडक व्हतं, पानी आटाले लागनं. छत्री धरीसन उभा ऱ्हायनू. महिना-दीड महिना. पाय फुटनात त्यासले. सातीसले.”

“मग बहिणीला सांगितलंत ना?”

“ती इचारीन तवय सांगसू, अशे म्हनेल व्हतं मी. तिनी इचारं नही.”

तिने घरात बोलणंच कमी केलं होतं. पौषात तिने दीक्षा घेतली आणि साध्वींबरोबर पायी निघून गेली. घरचे म्हणत, तिच्या मनात लहानपणापासून होतंच. शेठजींनी यावर कधीच विश्वास ठेवला नाही. त्यांच्या लेखी त्या पत्र्यावरच्या दुपारने तिला घरातून नेलं, आणि तो पत्रा त्यांनी पसरला होता. ती भावाला सोडून गेली, तेव्हा भाऊ म्हणजे न बघता नाव ठेवणारा माणूस, एवढंच तिला माहीत होतं. सात वाचले हे माहीतच नव्हतं. आणि साध्वी झालेल्या बहिणीला जाऊन बेडकांचा हिशेब कोण सांगणार? अठ्ठेचाळीस वर्षं ती कुठे कुठे पायी फिरत होती, आणि हे इकडे डबक्यावर छत्री धरून उभे होते.

मी तोपर्यंत त्यांना विक्षिप्त समजत होते. विक्षिप्त होतेच, त्यात शंका नाही. पण त्यानंतर नुसतं तेवढंच म्हणता येईना.

माझ्या चौथ्या पावसाळ्यात बातमी आली की या वर्षी तळोद्याच्या स्थानकात चातुर्मासाला तीन साध्वी येणार, आणि त्यांतल्या मोठ्या म्हणजे शेठजींची बहीण. स्थानक म्हणजे साध्वींचं मुक्कामाचं घर. ते शेठजींच्या गोदामाला पाठ लावूनच होतं, मध्ये फक्त एक फरसबंद अंगण. गावातले सगळे सामोरे गेले. शेठजी गर्दीच्या अगदी मागे होते. त्या मोठ्या साध्वी, सगळे त्यांना महासती म्हणत, पासष्टीच्या पुढच्या, बारीक, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. एक तरुण साध्वी त्यांच्या पुढे चालायची आणि जमीन बघून हळू आवाजात सांगायची, इथे मुंग्या, इथे पाणी, मग त्या पाऊल टाकायच्या. शेठजींनी लांबून हात जोडले. महासतींनी सगळ्यांना देतात तसा आशीर्वाद दिला. महिनाभर इतकंच. शेठजी रोज प्रवचनाला जात, दाराजवळ बसत, आणि प्रवचन संपायच्या जरा आधी उठत.

मी एकदा न राहवून म्हटलं, “शेठजी, सांगून टाका की आता.”

“म्हाराजसाहेब शेत त्या. मी भाऊ म्हनीसन कसा जाऊ?” मग हळूच म्हणाले, “आनि तिले याद नही ऱ्हायनं तं?”

खरं भय हे होतं. तिने माफ केलं नसेल याचं नव्हतं, तिला आठवतच नसेल याचं होतं.

श्रावणात पहाटेपासून धो धो पाऊस लागला आणि आठाच्या सुमाराला थांबला. मी कॉलेजला निघणार तोच सून धावत वर आली. खाली अंगणात सगळा गाव जमला होता. गोदामाच्या मागच्या दाराशी कांडोळाच्या डिंकाच्या जुन्या चुऱ्याची दोन पोती पडून होती. दारातून पाणी शिरलं, पोती उसवली, आणि चुरा वाहत स्थानकाच्या अंगणभर पसरून फुगला होता. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लिबलिबीत गोळेच गोळे. तेवढंच असतं तर झाडून काढता आलं असतं. पण पावसाळ्याआधी या अंगणाला रंग मारतात, म्हणजे काही उगवत नाही. या वर्षी निम्म्या अंगणाचा रंग निघाला होता, आणि तिथे ते काळपट हिरवं शेवाळ उठलं होतं. वाहत्या पाण्याने दोन्ही एकमेकांत कालवून टाकलं होतं.

साध्वी त्यावर पाय देणार नाहीत. ते झाडूही देणार नाहीत, कारण त्यात जीव. त्यांच्यासाठी जेवण आत नेलं तर तेही घेणार नाहीत, कारण गोचरीला, म्हणजे भिक्षेला, स्वतः जायचं असतं, आणून दिलेलं चालत नाही. आणि सूर्य मावळला की पाणीसुद्धा नाही. मोठ्या महासतींचा तीन दिवसांचा उपास आज सुटायचा होता.

जैन संघाचे एक गृहस्थ शेठजींच्या कानाशी लागले. “शेठजी, पोतं तुमनं शे. तुम्ही बोला, सगळा डिंक शे. तुमना शब्दवर कोनी शंका लेवाव नही. झाडू मारतस, मामला खतम.”

त्यात खोटं म्हणावं तर फारच थोडं होतं. दहा गोळ्यांत सात-आठ डिंकाचेच असतील. शेठजींनी अंगणाकडे पाहिलं, मग स्थानकाच्या दाराकडे. दारात तरुण साध्वी उभी होती, तिच्या मागे सावलीत मोठ्या महासती.

“डिंक म्हनीसन एकदाव वाळाडेल शे मी,” ते म्हणाले. “आते नही.”

त्या गृहस्थांना यातलं काही कळलं नाही. शेठजींनी पिशवीतून भिंग, वाटी आणि खडू काढला, फाटकापाशी पहिली फरशी बघितली, फुंकर मारली, पुन्हा बघितली, आणि गुडघे टेकले.

मी कॉलेजला सुट्टी टाकली. ते एकेक गोळा बघत. डिंक असला तर चमच्याने वाटीत, जिवंत असलं तर त्याला खडूचं कडं. बघून झालेल्या जागेवरच गुडघा ठेवायचा, मग पुढची जागा. फाटकापासून स्थानकाच्या दारापर्यंत सरळ गेलं तर पंधरा पावलं. पण सरळ जाता येत नव्हतं, जिकडे डिंक निघेल तिकडे वाट वळायची. मी मदतीला शेजारी बसले आणि एका गोळ्याला सरळ डिंक म्हणून मोकळी झाले. शेठजींनी तो चमच्यावर उचलून उजेडाकडे धरला. गोळ्याच्या एका घडीत बारीकशी हिरवी झाक होती. त्यांनी तो जिथे होता तिथेच परत ठेवला आणि कडं काढलं. एम.एस्सी.ला पहिला वर्ग मिळालेली मी, त्यानंतर दिवसभर फक्त वाटी रिकामी करायचं काम केलं.

दुपार झाली. गर्दी पांगली, परत आली. सून जेवायला बोलवायला दोनदा आली आणि दोनदा परत गेली. ढग इतके खाली होते की डोंगर दिसत नव्हता, आणि एक थेंब पडला असता तरी सगळा खडू धुऊन गेला असता. शेठजींनी एकदाही वर पाहिलं नाही. मी मात्र दर दोन मिनिटांनी बघत होते. अंगणात ती पांढरी कडी हळूहळू वाढत गेली, आणि त्यांच्या मधून एक हातभर रुंदीची रिकामी वाट नाल्यासारखी वळत वळत दाराकडे सरकत राहिली. त्या शांततेत मला पुन्हा कांडोळाखाली असल्यासारखं वाटू लागलं.

चारच्या पुढे कधीतरी वाट दाराला टेकली. शेठजी त्याच वाटेने मागे फाटकापर्यंत आले आणि उभे राहिले. गुडघ्यांपासून पायजमा लिबलिबीत झाला होता.

तरुण साध्वी पुढे झाली आणि वाकून वाट तपासू लागली. तेवढ्यात मोठ्या महासतींनी तिला थांबवलं. “तुम मेरे पीछे आओ,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी मान वर केली. जमिनीकडे नाही, समोर. त्यांना काही नीट दिसत नसणार, एक पांढरा ठिपका फक्त. “आप बोलिए श्रावकजी. मैं चलती हूँ.”

शेठजींनी वाटेकडे पाहिलं. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. गावाची अहिराणी नाही, घरातली मारवाडी, जी मी त्यांच्या तोंडी कधी ऐकली नव्हती. “डावो... अबे जीवणो... थोड़ो ठैरो... अबे डावो.” डावीकडे, उजवीकडे, जरा थांबा. आणि त्या चालत होत्या. चार हात पुढची जमीन पाहिल्याशिवाय पाऊल न टाकणारी ती बाई, अठ्ठेचाळीस वर्षं तेच व्रत असलेली, त्या वेड्यावाकड्या वाटेवरून एकदाही खाली न बघता चालत आली. तो जिथे सांगेल तिथे तिचं पाऊल पडत होतं. एकाही कड्याला धक्का लागला नाही.

फाटकापाशी त्या थांबल्या. दोघांत दोन हातांचं अंतर होतं, त्याहून जवळ जायचं नसतं. प्रवचनात त्या हिंदी बोलत, पण आता हळूच मारवाडीत विचारलं,

“कित्ता बच्या हा?”

किती वाचले, हे त्या अंगणातल्या कड्यांविषयी विचारताहेत, असं बाजूच्या लोकांना वाटलं. एक जण मोजायलाही लागला.

“सात, म्हाराजसा,” शेठजी म्हणाले. “सातां रे पग आया.”

“सात,” त्या म्हणाल्या. जरा उभ्या राहिल्या, मग पुन्हा एकदा, स्वतःशीच, “सात.” आणि पात्रं सावरून गोचरीला निघाल्या. तरुण साध्वी धावत पुढे झाली आणि हळू आवाजात सांगू लागली, इथे पाणी, इथे मुंग्या.

शेठजी त्या वळेपर्यंत बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तिले याद व्हतं, मॅडम. इतला साल तिले याद व्हतं.”

आणि गोदामाच्या पायरीवर ते एकदम बसले. न वाकता, न फुंकर मारता, न बघता.  पायरीवर काही नव्हतं, मी आधीच बघून ठेवलं होतं.